पदवीनंतर नाशिकलाच राहावे का?

माझ्या भाचीची रसायनशास्त्रातील एम.एस्सी.ची शेवटची परीक्षा यंदा मे महिन्यात संपली आणि दुसऱ्याच दिवशी ती एक लोखंडी पेटी, दोन बॅगा आणि पुस्तकांची गोणी घेऊन माझ्या पाथर्डी फाट्याच्या घरी आली. कॉलेज रोडच्या मागे कॉट बेसिसवर घेतलेली जागा महिनाअखेर सोडायची होती, आणि तिच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या भावाने, सामान न्यायला गाडी घेऊन येतो असे कळवले होते. रात्री जेवणे झाल्यावर ती म्हणाली, "आत्या, मी इथेच राहिले तर? नाशिक सोडवत नाही गं." हाच प्रश्न २०११ साली माझ्यापुढे होता आणि तेव्हा तो विचारायला शहरात माझे मोठे माणूस कोणी नव्हते. बागलाण, कळवण, सुरगाणा, पेठ, येवला, धुळे, नंदुरबार अशा ठिकाणांहून शिकायला आलेली अनेक मुलेमुली दरवर्षी याच दिवसांत याच प्रश्नापाशी येऊन थांबतात, म्हणून त्या रात्री आणि नंतरच्या आठवड्यात तिच्याशी जे बोलले ते येथे सविस्तर लिहीत आहे.

मी तिला आधी एवढेच विचारले की, नेमके काय सोडवत नाही? तिने सांगितले त्यात कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवरचे सकाळचे फिरणे होते, प्रयोगशाळेतून सुटल्यावर मैत्रिणींबरोबर घेतलेला चहा होता, पावसाळ्यात सोमेश्वरला जाणे होते आणि हव्या त्या ठिकाणी दहा मिनिटांत पायी पोहोचता येण्याची सोय होती. यांतली एकही गोष्ट क्षुल्लक नाही. परंतु यांतल्या बहुतेक गोष्टी विद्यार्थ्यांच्या वेळेप्रमाणे आणि खिशाप्रमाणे बसवलेल्या आहेत. खोलीचे भाडे, डब्याचा दर, झेरॉक्सची दुकाने, अगदी चहाच्या टपरीची वेळसुद्धा. त्या घडीतून आपण बाहेर पडलो आहोत हे कोणी येऊन सांगत नाही, आणि कळते तेव्हा ते फार साध्या निमित्ताने कळते.

मला ते मेसच्या दारात कळले. एप्रिलअखेर माझी परीक्षा संपली आणि मेच्या पहिल्याच आठवड्यात अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीच्या गुणवत्ता नियंत्रण विभागात मी कामाला लागले. पहिल्या दिवशी संध्याकाळी साडेसातला परत येऊन नेहमीप्रमाणे मेसवर गेले, तर दाराला कुलूप होते आणि लाकडी फळीवर खडूने लिहिले होते : '१५ जूनपर्यंत मेस बंद'. पाच वर्षे मी त्या मेसमध्ये जेवले होते आणि दर मे महिन्यात ती बंद होत असणार, पण दर मे महिन्यात मी गावी असे, त्यामुळे हे मला माहीतच नव्हते. मेसच्या काकू शेजारीच राहत. त्यांनी मला घरात बोलावून भाजी-भाकरी वाढली आणि म्हणाल्या, "मुली गेल्या की चूल एकटीसाठी कशी पेटवू, तूच सांग." त्यांच्या वहीत माझ्या नावापुढे महिन्याचे खाडे मांडलेले असत, आदल्या दिवशी सांगून लागोपाठ चार खाडे केले की तेवढे पैसे कमी होत. कंपनीत त्याच आठवड्यात तोच शब्द मी दुसऱ्या अर्थाने ऐकला. तेथे खाडा म्हणजे पगारातली कपात. जूनमध्ये माझ्या खोलीतल्या दुसऱ्या कॉटवर अकरावीची मुलगी आली आणि तिने विचारले, "ताई, तुम्ही कोणत्या वर्षाला?" कॉलेज रोड दर जूनला पुन्हा अठरा वर्षांचा होतो. आपण होत नाही. तेथे राहायचे ठरवले तर दरवर्षी आपणच जास्त परके होत जातो, हे मी त्या दोन वर्षांत अनुभवले आणि मग पाथर्डी फाट्याकडे राहायला आले.

नाशिकच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते, जी मला स्वतःला फार उशिरा उमगली. या शहरात दोन मोठ्या विद्यापीठांची मुख्यालये आहेत. १९८९ साली स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ गंगापूर धरणाच्या बाजूला गोवर्धनजवळ आहे आणि १९९८ साली स्थापन झालेले महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ दिंडोरी रस्त्यावर म्हसरूळला आहे. मुक्त विद्यापीठाचे ब्रीदच 'ज्ञानगंगा घरोघरी' असे आहे, म्हणजे त्याचा विद्यार्थी आपल्या घरी, आपल्या गावी राहून शिकतो. आरोग्य विद्यापीठाशी राज्यभरातली वैद्यकीय, दंत, आयुर्वेद आणि परिचर्या महाविद्यालये जोडलेली आहेत आणि त्यांचे विद्यार्थी त्या त्या गावांत असतात. या दोन्ही विद्यापीठांच्या बहुसंख्य विद्यार्थ्यांना नाशिकमध्ये घर शोधावे लागत नाही. उलट आम्ही जे येथे खोल्या घेऊन राहतो, कॉलेज रोड आणि गंगापूर रोड ज्यांच्यामुळे गजबजतो, त्यांच्या पदवीवर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे नाव असते. शंभर वर्षांपूर्वी, १९२४ साली, येथे हं. प्रा. ठाकरसी महाविद्यालय सुरू झाले तेव्हापासून बाहेरगावची मुले शिकायला येत आहेत, पण हे शहर विद्यापीठावर पोट भरणारे शहर कधीच नव्हते. ते कारखान्यांवर, द्राक्षांवर, कांद्यावर, यात्रेकरूंवर आणि नाशिकरोडच्या नोटा व मुद्रांक छापणाऱ्या छापखान्यांवर चालते. म्हणून येथे राहायचे की नाही हे ठरवताना आपण ज्या नाशिकवर प्रेम करतो त्याच्यापेक्षा, हे शहर ज्या कामांवर चालते त्यांत आपल्या विषयाला जागा आहे का, हे आधी पाहावे असे माझे ठाम मत झाले आहे.

जेथे ही जागा नसते तेथे काय होते ते मी जवळून पाहिले आहे. माझ्या बरोबरीने राहणारी एक मैत्रीण इतिहासात एम.ए. झाली, सेट, म्हणजे प्राध्यापकपदासाठीची राज्याची पात्रता परीक्षा, उत्तीर्ण झाली आणि महाविद्यालयाजवळ राहिले तर जागा निघाल्यावर आधी कळेल म्हणून नाशिकला थांबली. तिला तासिका तत्त्वावर काम मिळाले, ज्याला सगळे सीएचबी म्हणतात. तासांप्रमाणे मानधन, ते हाती पडायला कित्येकदा सत्र संपायची वेळ, मे महिन्यात तास नाहीत म्हणून मानधनही नाही, आणि जूनमध्ये पुन्हा नवी मुलाखत. ती अतिशय उत्तम शिकवते. तिचे विद्यार्थी आजही तिच्या तासांबद्दल बोलतात. पण या रीतीने तिची आठ वर्षे गेली, आणि त्या आठ वर्षांत दरवर्षी 'यंदा जागा भरणार' असे कोणीतरी तिला सांगत होते. तिने थांबणे चूक होते असे मी म्हणणार नाही, कारण ज्या गोष्टीवर तिचे मन होते ती गोष्ट या शहरात होती. मात्र ती कामासाठी थांबली नव्हती, कामाच्या आशेला थांबली होती, आणि त्या आशेला कोणी मुदत घालून दिली नव्हती. अभ्यासिकेत जागा घेऊन स्पर्धा परीक्षेसाठी थांबणाऱ्या मुलांचेही पुष्कळदा असेच होते. भाचीला मी म्हटले, तू राहणार असशील तर दोन वर्षांची मुदत घाल, ती तारीख तुझ्या बाबांना आत्ताच सांग, आणि त्या तारखेला पुन्हा नव्याने विचार कर.

तिच्या विषयापुरते बोलायचे तर नाशिकमध्ये काम आहे, आणि ते केवळ सातपूर-अंबडच्या औषध व रसायन कंपन्यांत नाही. २०१० च्या हंगामात युरोपला गेलेल्या भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराईड या वेलीची वाढ रोखणाऱ्या संजीवकाचे, ज्याला शेतकरी सीसीसी म्हणतात, अवशेष आढळले आणि माल तेथेच अडकला. आमच्या बागलाणात आणि निफाड-दिंडोरीकडे त्या वर्षी बागायतदारांची काय अवस्था झाली हे मी विद्यार्थिनी असताना पाहिले आहे. ज्या औषधाची तपासणी होईल अशी कल्पनाच नव्हती, त्याने वर्षाची कमाई थांबवली. त्यानंतर निर्यातीच्या द्राक्षांची अवशेष तपासणी अधिक व्यापक आणि अधिक काटेकोर झाली, आणि मी २०१५ पासून ज्या प्रकारच्या प्रयोगशाळेत काम करते त्या प्रयोगशाळांना माणसे लागू लागली. जानेवारी ते एप्रिल आमचा हंगाम असतो. बागेतून आलेला नमुना लगदा करून घ्यायचा, त्यातून अवशेष इथिल ॲसिटेटमध्ये उतरवायचे, आणि तो अर्क एलसीएमएस या अवशेष ओळखून मोजणाऱ्या यंत्रावर लावून किलोमागे मिलिग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंतचे आकडे वाचायचे. नमुन्याच्या पिशवीवर बागेचा नोंदणी क्रमांक असतो, शेतकऱ्याचे नाव नसते, तरीही एखाद्या नमुन्यात मर्यादेपेक्षा जास्त आकडा दिसला की माझा हात थांबतो, आणि मी तो नमुना पुन्हा पहिल्यापासून लावून पाहते. मी ज्या मातीतून आले तिच्याशी माझ्या पदवीचा संबंध या टेबलावर जुळला. पुण्याला याहून मोठ्या प्रयोगशाळा आहेत, मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रही आहे, पण बाग येथे आहे, आणि हंगामात एखादा बागायतदार तालुक्याहून थेट येऊन समोर बसतो आणि अहवाल समजावून मागतो, हे काम मला दुसरीकडे मिळाले नसते.

येथवर पोहोचण्याआधीची चार वर्षे मात्र सोपी नव्हती. पहिल्या नोकरीत मी ठेकेदारामार्फत होते. तो पगारातून भविष्य निर्वाह निधी नियमित कापत असे, पण सात महिने त्याने तो भरलाच नव्हता, आणि हे मला सोडून जाताना पासबुक पाहिल्यावर कळले. त्याचा पाठपुरावा करण्यात वर्ष गेले. म्हणून भाचीला सांगितले की नेमणूकपत्र कोणाच्या नावाने आहे ते पाहा आणि तिसऱ्या महिन्यापासून पासबुक स्वतः तपासत जा.

सगळ्याच विषयांना येथे असे काम नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. यांत्रिकी, विद्युत किंवा उत्पादन अभियांत्रिकी केलेल्या मुलाला सातपूर, अंबड, सिन्नर आणि ओझर या पट्ट्यात उभे राहायला जागा आहे. परिचारिका, औषधनिर्माण, शेती, अन्नप्रक्रिया यांनाही आहे. सॉफ्टवेअरमध्ये काही कंपन्या आहेत, पण एक नोकरी गेली तर आठवड्यात दुसरी पाहता येईल इतक्या नाहीत, आणि शुद्ध संशोधन, चित्रपट, मोठी वृत्तपत्रे, वित्तक्षेत्र यांसाठी मुंबई-पुण्याला जावेच लागते. काही जण पहाटे नाशिकरोडला येऊन पासावर पंचवटी एक्सप्रेसने रोज मुंबईला जातात. त्यांच्या चिकाटीबद्दल मला आदर आहे, पण बाविसाव्या वर्षी कोणी असे वेळापत्रक स्वीकारावे असे मी सुचवणार नाही. पुण्याला तर अजून सरळ रेल्वेमार्ग नाही, आणि २१० किलोमीटरचा रस्ता दर शनिवार-रविवारी करता येईल असे वाटते तसा तो करता येत नाही.

जाणे म्हणजे कायमचे जाणे असेही नाही. कुसुमाग्रज याच शहरात पदवीधर झाले, त्यानंतर मुंबई-पुण्यात वृत्तपत्रांत त्यांनी वर्षे काढली, आणि मग ते नाशिकला परतले ते १९९९ साली निधन होईपर्यंत येथेच राहिले. नाशिक आज ज्यांना आपले म्हणते ते असे बाहेर जाऊन परतलेले आहेत, हे मी भाचीला मुद्दाम सांगितले, कारण तिच्या डोक्यात आता राहिले नाही तर हे शहर हातचे गेले अशी भीती होती.

कागदपत्रांचा विषय मुले फार हलक्यात घेतात, पण माझ्या मते विद्यार्थी आणि रहिवासी यांतला खरा फरक तेथे पडतो. कॉट बेसिसच्या खोलीला बहुधा कागद नसतो. पैसे हातात द्यायचे, पावती नाही, अनामत रक्कम परत मिळेल तेव्हा मिळेल; माझी एका ठिकाणची अनामत मिळाली नाही ती नाहीच. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ प्रमाणे भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. अकरा महिन्यांचा तो नोंदणीकृत करार हाती आला की गॅसजोडणी मिळते, बँकेत पत्ता बदलता येतो, मतदार यादीतले नाव अर्ज क्रमांक ८ भरून गावाहून येथे आणता येते. त्यासाठी महिन्याला थोडे अधिक भाडे द्यावे लागले तरी द्यावे. सध्या २०२७ चा सिंहस्थ कुंभमेळा तोंडावर असल्याने शहरात सगळीकडे कामे चालली आहेत, आणि आम्ही पाहिलेल्या दोन घरमालकांनी 'सिंहस्थात जागा मोकळी लागेल' असे आधीच बजावले, त्यामुळे करारातील मुदत आणि जागा सोडण्याच्या नोटिशीचे कलम नीट वाचायला मी तिला बसवले.

यापुढचा भाग माणसांचा आहे आणि त्याबद्दल मला सर्वांत जास्त सांगायचे होते. पदवीनंतरच्या पहिल्या वर्षात माझ्या सहा मैत्रिणींपैकी चौघी गेल्या, कोणी लग्न होऊन, कोणी पुण्याला नोकरीसाठी. दुसऱ्या वर्षी उरलेल्या दोघी गेल्या. जे शहर मी मैत्रिणींसाठी धरून ठेवले होते त्यात मी एकटी उरले होते. रविवारचा दिवस सर्वांत जड जाई. त्या दिवसांत मी सार्वजनिक वाचनालयाची सभासद झाले. ही संस्था १८४० सालची आहे. विद्यार्थिनी असताना मी तिच्यावरून शेकडो वेळा गेले असेन, पण पुस्तके महाविद्यालयात मिळत म्हणून आत कधी गेले नव्हते. तेथे दर रविवारी वर्तमानपत्रे वाचायला येणारे एक निवृत्त गृहस्थ होते, छापखान्यात तीस वर्षे नोकरी केलेले. त्यांनी तीन-चार आठवड्यांनी विचारले, "तुम्ही कुठल्या?" मी सटाण्याकडची म्हटल्यावर ते म्हणाले, "आमची ही ब्राह्मणगावची." पुढच्या रविवारी त्यांच्या पत्नीने, म्हणजे काकूंनी, माझ्यासाठी डब्यातून कळण्याची भाकरी आणि ठेचा पाठवला. महाविद्यालयाशी काही संबंध नसलेली, माझ्या वयाची नसलेली, या शहरातली ती माझी पहिली ओळख. पुढे त्यांच्याच ओळखीने मला पाथर्डी फाट्याची जागा मिळाली, मला टायफॉइड झाला तेव्हा काकू दवाखान्यात रात्रभर बसल्या, आणि माझ्या लग्नात माझ्या बाजूने शहरातले म्हणून जे कोणी उभे होते त्यांत ते दोघे होते. भाचीला मी विचारले की महाविद्यालयाबाहेरचे कोणी माणूस तुझ्या ओळखीचे आहे का. तिने बराच वेळ विचार करून खोलीच्या खाली राहणाऱ्या शिलाईकाम करणाऱ्या मावशींचे नाव घेतले. एक माणूस आहे, हे मला पुरेसे वाटले.

गावाकडची बाजूही मी तिच्यापासून लपवली नाही. सटाणा येथून देवळामार्गे सुमारे ९० किलोमीटर आहे. एसटीने अडीच-तीन तासांत पोहोचता येते आणि निरोप आला तर रात्री निघूनही पहाटेच्या आत घरी जाता येते. पुणे किंवा बंगळूर पत्करलेल्यांना ही सोय नाही आणि नाशिकच्या बाजूने माझ्या मनात सर्वांत वजनदार गोष्ट हीच आहे. पण अंतर कमी असल्यामुळे अपेक्षाही वाढतात. तेल्या रोगाने आमची डाळिंबाची बाग काढावी लागली त्या वर्षी मी प्रत्येक सुटीला गावी जात होते, आणि घरच्यांना ते कमीच वाटत होते, तर कामावर ते जास्त वाटत होते. दोन्हीकडच्यांचे बरोबर होते. माझा भाऊ मुलीला न्यायला आला तेव्हा तो दीड दिवस माझ्याकडे राहिला आणि निघताना म्हणाला, "ताई, तुझ्या भरवशावर ठेवतो." मी त्याला तेथेच सांगितले की माझ्या भरवशावर ठेवू नको, तिच्या नोकरीच्या भरवशावर ठेव, कारण माझ्या घरात राहून ती पुन्हा पाहुणीच राहील.

तिने दोन वर्षांची मुदत घातली आहे. १६ जूनपासून ती दिंडोरी रस्त्यावरच्या एका प्रयोगशाळेत रुजू होईल. पगार फार नाही, पण नेमणूकपत्र कंपनीच्या नावाचे आहे. इंदिरानगरमध्ये एका परिचारिकेबरोबर तिने जागा घेतली आहे. परवा करारनाम्यासाठी अंगठ्याचे यंत्र घेऊन एजंट घरी आला होता. अर्जात भाडेकरूचा कायमचा पत्ता लिहायचा रकाना आला तेव्हा तिने मान वर करून माझ्याकडे पाहिले. मी काही बोलले नाही. तिने गावचा पत्ता लिहिला, पिनकोडसह; माझ्या करारांतही पहिली सहा वर्षे तोच पत्ता होता.